दिक्-अवकलज : संकल्पनेचा विकास

दिक्-अवकलज : दोन किंवा अधिक चलांवर अवलंबून असणाऱ्या फलनाचे मूल्य एखाद्या बिंदूपासून दिलेल्या दिशेने सरकताना ज्या त्वरेने बदलते, त्या त्वरेस त्या फलनाचा त्या बिंदूपाशी व त्या दिशेतील दिक्-अवकलज असे म्हणतात. एका चलाच्या फलनाच्या बाबतीत बिंदूपासून पुढे व मागे असे दोनच मार्ग संभवतात व ते परस्परविरुद्ध असल्यामुळे एका अवकलजाने काम भागते. दोन चलांच्या फलनाच्या बाबतीत मात्र एका बिंदूपासून निघणाऱ्या दिशा अनंत असतात आणि प्रत्येक दिशेतील त्वरा सामान्यतः निराळी असते. टेकडीच्या अंगावर उभ्या असलेल्या माणसाला एका दिशेने चढ, दुसऱ्या दिशेने उतार, तर तिसऱ्या दिशेने सपाट वाट आढळते. म्हणून ‘या जागी चढ किती आहे?’ या प्रश्नाला दिशा सांगितल्याशिवाय निश्चित अर्थ प्राप्त होत नाही.

यातून दोन प्रश्न उद्‌भवतात. अनंत दिशांतील त्वरा मोजक्या संख्यांनी व्यक्त करता येतील काय, हा पहिला प्रश्न. आणि सर्व दिशांतील त्वरा माहीत झाल्या म्हणजे त्या बिंदूच्या परिसरातील फलनाचे वर्तन पूर्णपणे कळले असे मानता येईल काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत हळूहळू सिद्ध होत गेले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही होकारार्थीच असावे, असे दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. ते तसे नाही हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. दिक्-अवकलजाचा इतिहास हा मुख्यतः या दोन उत्तरांचा इतिहास होय.

स्वरूप : एखाद्या टेकडीवरील एका ठिकाणी पूर्वेकडे जाताना दर १० मी. क्षितिजसमांतर अंतरामागे ३ मी. व उत्तरेकडे जाताना दर १० मी. अंतरामागे ४ मी. या त्वरेने उंची वाढते असे मानू. त्या ठिकाणी जमिनीला स्पर्श करणारे प्रतल या दोन आकड्यांनी निश्चित होते व म्हणून इतर सर्व दिशांतील चढही निश्चित होतो. क्ष-दिशेतील त्वरा प, य-दिशेतील त्वरा ब आणि इष्ट दिशा क्ष-अक्षाशी थ हा कोन करीत असेल, तर त्या दिशेतील दिक्-अवकलज ‘प कोज्या थ + ब ज्या थ’ इतका असतो. वरील उदाहरणात बरोबर ईशान्येकडे जाताना दर १० मी. अंतरामागे सु. ४·९५ मी. चढ लागतो. सर्वांत अधिक चढ पूर्वेपासून उत्तरेकडे सु. ५३° वळलेल्या दिशेने असून तो दर १० मी. अंतरामागे ५ मी. (३ व ४ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) इतका असतो. या दिशेला काटकोनात असणाऱ्या दोन्ही दिशांना चढ शून्य असतो. टेकडीची समोच्चरेषा (समान उंचीचे बिंदू जोडणारी रेषा) त्याच दिशांना जाते.

सर्वाधिक चढाची दिशा व त्या चढाचे परिमाण ही दोन्ही मिळून जो सदिश (परिमाण व दिशा असलेली राशी) तयार होतो, त्यास त्या फलनाची प्रवणता (ग्रेडियंट) म्हणतात. कोणत्याही दिशेतील दिक्-अवकलज म्हणजे प्रवणतेचा त्या दिशेवरील प्रक्षेप होय; सर्वाधिक चढाच्या दिशेशी केलेल्या कोनाच्या कोज्येने तो बदलतो. डोंगरातील रस्ते व लोहमार्ग आखताना अभियंते याच गुणधर्माचा उपयोग करतात. १८६३ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा कमाल चढ ३७ ला १ इतका ठेवण्यात आला होता. सह्याद्रीचा उभा कडा या प्रमाणात चढणे अशक्य असल्यामुळे मार्ग कड्याला तिरका नेणे, बोगदे खोदणे व एका ठिकाणी गाडीची दिशाच उलटविणे भाग पडले. उदा., डोंगराचा उतार ५ ला १ असेल व लोहमार्गाचा चढ ३७ ला १ पेक्षा अधिक चालणार नसेल, तर मार्गाला समोच्चरेषेपासून सु. ८° पेक्षा अधिक वळता येत नाही. उंची गाठण्यासाठी लांबी खर्ची घालावी लागते ती यामुळेच.

आंशिक अवकलज : कलनशास्त्राचे एक जनक व जर्मन गणितज्ञ जी. डब्ल्यू. लायप्निट्स (१६४६–१७१६) यांचा अवकलनावरील पहिला लेख १६८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वक्ररेषांच्या स्पर्शिका हा मुख्य विषय होता आणि वक्ररेषेवर हिंडणाऱ्या बिंदूपुढे दिशेचा प्रश्न उपस्थित होत नाही. पुढील दशकात लायप्निट्स व योहान बेर्नुली (१६६७–१७४८) यांना वक्रांच्या संपूर्ण कुलांचा अभ्यास करताना एक राशी स्थिर ठेवून दुसरीच्या संदर्भात अवकलन करावे लागले. आंशिक अवकलजाची सुरुवात येथे झाली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाउस बेर्नुली (१६८७–१७५९), लेनर्ड ऑयलर (१७०७–८३) व आलेक्सी क्लेरो (१७१३–६५) यांनी दोन चलांच्या संदर्भात क्रमाने केलेल्या अवकलनांचा क्रम बदलला तरी फल तेच येते, हा नियम वापरात आणला. झां ल राँ दालांबेअर (१७१७–८३) यांनी १७४७ मध्ये कंप पावणाऱ्या तारेचे समीकरण मांडले, तेव्हापासून आंशिक अवकलज हे भौतिकीचे नित्याचे साधन बनले. आज रूढ असलेले ∂ हे चिन्ह या अर्थाने आद्रियँ मारी लझांद्र (१७५२–१८३३) यांनी १७८६ मध्ये वापरले व पुढे सोडून दिले. कार्ल याकोबी (१८०४–५१) यांनी १८४१ मध्ये त्याचा पुरस्कार केल्यावर ते हळूहळू सर्वत्र रुजले.

या सर्व कार्यात अवकलन अक्षांच्या दिशेनेच केले जात होते. परंतु अक्ष हे गणित करणाऱ्याने सोयीसाठी निवडलेले असतात. टेकडीला, वाऱ्याला किंवा तापलेल्या धातूच्या ठोकळ्याला त्यांची जाणीव नसते. अक्ष फिरविले की आंशिक अवकलज बदलतात, पण टेकडी बदलत नाही. जे बदलत नाही त्याला गणितात नाव व चिन्ह मिळण्यास मात्र आणखी सु. शंभर वर्षे जावी लागली.

ऑयलर यांचे कार्य : अक्षांपासून स्वतंत्र अशा दिशेचा विचार ऑयलर यांच्या दोन लेखांत ठळकपणे आढळतो. १७५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्रायूंच्या (द्रव व वायू यांच्या) गतीवरील लेखात त्यांनी वाहत्या द्रायूच्या कणाचा प्रवेग काढला. कणाचा वेग दोन कारणांनी बदलतो : एका जागीच काळानुसार प्रवाह बदलतो म्हणून, आणि कण स्वतः एका जागेहून निराळ्या प्रवाहाच्या दुसऱ्या जागी जातो म्हणून. यांपैकी दुसरा भाग म्हणजे कणाच्या स्वतःच्या गतीच्या दिशेने घेतलेला अवकलज असून त्यास वेगाच्या परिमाणाने गुणलेले असते. येथे दिशा गणित करणारा ठरवीत नाही, तर ती प्रवाह ठरवितो. वातावरणविज्ञानात वाऱ्याबरोबर वाहून येणाऱ्या उष्णतेचा व आर्द्रतेचा हिशेब आजही याच पदावरून करतात.

१७६७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा दुसरा लेख पृष्ठांच्या वक्रतेवर आहे. पृष्ठावरील एका बिंदूपाशी अभिलंबातून जाणारी अनंत प्रतले घेतली असता प्रत्येक प्रतल पृष्ठाला निराळ्या वक्ररेषेत छेदते व प्रत्येक छेदाची वक्रता निराळी असते. यांतील महत्तम व लघुतम वक्रता परस्परांशी काटकोनात असणाऱ्या दोन दिशांत असतात आणि त्या दोन माहीत असल्यास उरलेल्या सर्व दिशांतील वक्रता त्यांवरून काढता येतात, असे ऑयलर यांनी दाखविले. अनंत दिशांविषयीची माहिती दोन-तीन संख्यांत सामावू शकते, ही गोष्ट या लेखाने प्रथमच प्रभावीपणे दाखवून दिली.

नकाशे व समोच्चरेषा : याच काळात नकाशाकारांनी ही कल्पना चित्ररूपाने मांडली. एडमंड हॅली (१६५६–१७४२) यांनी १७०१ मध्ये अटलांटिक महासागराचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात होकायंत्राच्या सूचीचे विचलन समान असणारी ठिकाणे रेषांनी जोडलेली होती. डच सर्वेक्षक निकोलास क्रूक्विअस (१६७८–१७५४) यांनी १७३० च्या सुमारास मर्वेड नदीच्या तळाच्या आणि फ्रेंच भूगोलज्ञ फीलिप ब्वाश (१७००–७३) यांनी १७३७ मध्ये इंग्लिश खाडीच्या तळाच्या समान खोलीच्या रेषा काढल्या. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलिन (१७३२–१८११) यांनी स्कॉटलंडमधील शिहॅल्यन या पर्वताच्या आकर्षणामुळे ओळंबा किती ढळतो हे मोजले. त्यावरून पृथ्वीची घनता काढण्याचे काम इंग्रज गणितज्ञ चार्ल्स हटन (१७३७–१८२३) यांच्याकडे आले. पर्वताचे घनफळ काढण्यासाठी असंख्य उंचींच्या आकड्यांनी भरलेल्या नकाशावर त्यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले आणि पर्वताचा आकार डोळ्यांपुढे उभा राहिला. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सु. साडेचारपट असल्याचा त्यांचा निष्कर्ष १७७८ मध्ये प्रसिद्ध झाला (आधुनिक मूल्य सु. साडेपाचपट आहे).

समोच्चरेषांचा नकाशा हा दिक्-अवकलजांचा एक तक्ताच असतो. जेथे रेषा दाट तेथे प्रवणता मोठी, जेथे विरळ तेथे लहान, आणि सर्वाधिक चढाची दिशा प्रत्येक ठिकाणी रेषेला काटकोनात असते. आर्थर केली (१८२१–९५) यांनी १८५९ मध्ये समोच्चरेषा व उताराच्या रेषा यांवर एक लेख लिहिला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी १८७० मध्ये टेकड्या व दऱ्या यांवरील लेखात तो विचार पुढे नेला. शिखरे, खळगे व खिंडी या ठिकाणी प्रत्येक दिशेतील दिक्-अवकलज शून्य असतो. खिंडीतून निघणाऱ्या विशिष्ट उतार-रेषा या पाणलोट विभागणाऱ्या व पाणी वाहून नेणाऱ्या रेषा होत. सामान्य परिस्थितीत संपूर्ण गोलावरील शिखरे व खळगे यांच्या एकूण संख्येतून खिंडींची संख्या वजा केल्यास २ उरतात. एका बिंदूपाशी मोजलेल्या उतारांवरून संपूर्ण पृष्ठाच्या घडणीविषयी निष्कर्ष काढण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होता.

वर्चस् व उष्णता : दिक्-अवकलजाची खरी निकड भौतिकीत भासली. झोझेफ ल्वी लाग्रांझ (१७३६–१८१३) यांनी १७७० नंतरच्या दशकात गुरुत्वाकर्षणाचे तिन्ही अक्षांवरील घटक एकाच फलनाच्या आंशिक अवकलजांनी व्यक्त करता येतात हे दाखविले आणि प्येअर सीमाँ लाप्लास (१७४९–१८२७) यांनी त्या फलनाचा सखोल अभ्यास केला. यामुळे तीन घटकांऐवजी एका अदिश (केवळ परिमाण असलेल्या) राशीचा विचार करणे पुरेसे झाले. कोणत्याही दिशेने प्रेरणा किती, या प्रश्नाचे उत्तर त्या राशीच्या त्या दिशेतील दिक्-अवकलजावरून मिळू लागले.

झोझेफ फूर्ये (१७६८–१८३०) यांच्या १८२२ मधील उष्णताविषयक ग्रंथात हीच गोष्ट निराळ्या स्वरूपात आढळते. वस्तूच्या आत कल्पिलेल्या कोणत्याही पृष्ठातून वाहणारी उष्णता त्या पृष्ठाच्या अभिलंबाच्या दिशेने तापमान ज्या त्वरेने घटते तिच्या प्रमाणात असते. वस्तूचा पृष्ठभाग वेडावाकडा असल्यास अभिलंबाची दिशा ठिकठिकाणी बदलते, म्हणून अक्षांच्या दिशेतील अवकलज येथे पुरेसे पडत नाहीत. नॉटिंगॅम येथील पिठाच्या गिरणीचे काम सांभाळून गणिताचा अभ्यास करणारे जॉर्ज ग्रीन (१७९३–१८४१) यांनी १८२८ मध्ये वर्गणीदारांच्या साहाय्याने प्रसिद्ध केलेल्या विद्युत् व चुंबकत्व यांवरील निबंधात अशा अभिलंब-अवकलजांना मध्यवर्ती स्थान दिले. ‘वर्चस् फलन’ ही संज्ञाही त्यांचीच. एखाद्या प्रदेशाच्या आतील अवस्था त्याच्या सीमेवरील मूल्यांशी व सीमेवरील अभिलंब-अवकलजांशी कशी निगडित असते, हे दाखविणारे त्यांचे प्रमेय पुढील गणितीय भौतिकीचा पाया ठरले.

प्रवणतेला सदिशाचे रूप : गाब्रीएल लामे (१७९५–१८७०) यांनी वक्ररेषी सहनिर्देशकांवरील आपल्या १८५९ च्या ग्रंथात व त्याआधीच्या लेखांत, आंशिक अवकलजांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ अक्षांच्या निवडीवर अवलंबून नसते हे ओळखून त्यास ‘अवकल प्रचल’ असे नाव दिले. पण ही केवळ एक संख्या होती; तिला दिशा नव्हती. दिशा दर्शविणारे चिन्ह आयरिश गणितज्ञ विल्यम रोवान हॅमिल्टन (१८०५–६५) यांच्याकडून आले. १८४३ मध्ये शोधलेल्या क्वाटर्निअन या चार घटकांच्या संख्यांच्या अनुषंगाने त्यांनी तिन्ही अक्षांवरील अवकलनक्रिया एकत्र करणारा एक कारक (क्रियादर्शक चिन्ह) योजला. त्यांचे शिष्यवत् असलेले पीटर गथ्री टेट (१८३१–१९०१) यांनी त्याचा विस्तार केला. ∇ हे चिन्ह एका प्राचीन वीणासदृश वाद्यासारखे दिसते म्हणून विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांच्या सूचनेवरून त्यास त्या वाद्याचे ‘नाब्ला’ हे ग्रीक नाव मिळाले.

अदिश फलनावर हा कारक चालविल्यास जो सदिश मिळतो त्याचा अर्थ मॅक्सवेल यांनी भौतिक राशींच्या वर्गीकरणावरील १८७१ च्या लेखात स्पष्ट केला. लामे यांच्या राशीत परिमाण आहे पण दिशेची कल्पना नाही, हे त्यांनी नमूद केले आणि परिमाण व दिशा या दोहोंनी युक्त अशा या राशीला ‘उतार’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द सुचविला. अमेरिकेत जोसाया विलर्ड गिब्ज (१८३९–१९०३) यांनी १८८१–८४ या काळात विद्यार्थ्यांसाठी खाजगी रीत्या छापलेल्या टिपणांत, व इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेव्हिसाइड (१८५०–१९२५) यांनी विद्युत्‌शास्त्रावरील लेखांत, क्वाटर्निअन बाजूला ठेवून सदिश विश्लेषण स्वतंत्रपणे उभे केले. टेट यांच्यासारख्या क्वाटर्निअन-समर्थकांशी त्यांचा वाद १८९० नंतरच्या काही वर्षांत बराच रंगला. गिब्ज यांच्या व्याख्यानांवर आधारलेला एडविन बी. विल्सन यांचा ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर नवी पद्धती पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. दिक्-अवकलज म्हणजे प्रवणता व एकक सदिश यांचा अदिश गुणाकार, ही आजच्या विद्यार्थ्याला परिचित असलेली मांडणी या परंपरेतून आलेली आहे.

तीव्रतम उताराची पद्धती : प्रवणतेला हे रूप मिळण्यापूर्वीच तिचा एक दूरगामी उपयोग सुचविला गेला होता. फ्रेंच गणितज्ञ ओग्युस्तीन ल्वी कोशी (१७८९–१८५७) यांनी खस्थ ज्योतींच्या कक्षा काढताना उपस्थित होणारी अनेक समीकरणे एकाच वेळी सोडविण्यासाठी १८४७ मध्ये एक पद्धती मांडली. समीकरणे किती प्रमाणात असाध्य राहिली आहेत हे दर्शविणारे एक धन फलन घ्यावयाचे, प्रत्येक पायरीला ते सर्वांत झपाट्याने ज्या दिशेने कमी होते त्या दिशेने थोडेसे सरकावयाचे आणि ही क्रिया पुन्हा पुन्हा करावयाची, असे या पद्धतीचे सार आहे. दाट धुक्यात केवळ पायाखालच्या उतारावरून दरीत उतरणाऱ्या माणसाप्रमाणे ही पद्धती चालते. त्याच कारणाने, पोहोचलेला खळगा हा संपूर्ण प्रदेशातील सर्वांत खोल खळगाच आहे, अशी हमी तिच्यात नसते.

दिशांची अपुरी साक्ष : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलनशास्त्राच्या पायाची काटेकोर तपासणी सुरू झाली, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाची पाळी आली. इटालियन गणितज्ञ जूझेप्पे पेआनो (१८५८–१९३२) यांनी आपले गुरू आंजेलो जेनोक्की (१८१७–८९) यांच्या व्याख्यानांवर आधारित असा कलनशास्त्राचा ग्रंथ १८८४ मध्ये संपादित केला व त्यास स्वतःची टिपणे जोडली. तत्कालीन मान्यवर पाठ्यपुस्तकांत अनेक चलांच्या फलनाचे महत्तम व लघुतम मूल्य ओळखण्याचे जे निकष दिलेले होते, त्यांत बिंदूतून जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर तपासणी केली म्हणजे पुरे, असे गृहीत होते. पेआनो यांनी ते एका उदाहरणाने खोडून काढले. त्या उदाहरणाचे एक सोपे रूप (य – क्ष²) (य – २क्ष²) हे आहे. आरंभबिंदूतून जाणाऱ्या कोणत्याही सरळ रेषेवर चालल्यास तेथे या फलनाचे मूल्य लघुतम, म्हणजे शून्य, आढळते आणि जवळपास ते सर्वत्र धन असते. परंतु दोन अन्वस्तांच्या (पॅराबोलांच्या) मधल्या चिंचोळ्या पट्टीत, उदा., य = १·५ क्ष² या वक्रावर, ते ऋण होते. म्हणजे प्रत्येक सरळ वाटेवर खळग्याचा तळ वाटणारी जागा प्रत्यक्षात तळ नसते. वाकड्या वाटेने तेथून खाली उतरता येते.

दिक्-अवकलजांबाबतची परिस्थिती याहूनही बिकट असू शकते. क्ष²य ला (क्ष⁴ + य²) ने भागून मिळणारे फलन घेऊ व आरंभबिंदूपाशी त्याचे मूल्य शून्य मानू. या बिंदूपाशी प्रत्येक दिशेतील दिक्-अवकलज अस्तित्वात असतो. तरीही य = क्ष² या वक्रावरून आरंभबिंदूकडे येताना फलनाचे मूल्य सतत ½ राहते आणि बिंदूवर पोहोचताच एकदम शून्य होते. म्हणजेच सर्व दिशांना उतार मोजता येत असूनही जमीन तेथे तुटलेली असते. शिवाय या दिक्-अवकलजांना ‘प कोज्या थ + ब ज्या थ’ हा नियम लागू पडत नाही. दोन्ही अक्षांच्या दिशांत ते शून्य, पण इतर दिशांत शून्येतर असतात.

यावरून असे स्पष्ट झाले की, अवकलनक्षमतेची व्याख्या एकेका दिशेच्या आधारे करता येत नाही; बिंदूच्या सभोवारचा सर्व परिसर एकदम विचारात घ्यावा लागतो. ऑस्ट्रियन गणितज्ञ ओटो श्टोल्ट्स (१८४२–१९०५) यांनी १८९३ मध्ये आपल्या ग्रंथात तशी व्याख्या दिली. फलनाच्या मूल्यातील प्रत्यक्ष बदल व स्पर्शप्रतलावरून काढलेला बदल यांतील फरक, बिंदूपासूनच्या अंतराच्या तुलनेत, कोणत्याही वाटेने जवळ आले तरी नगण्य होत गेला पाहिजे, असा तिचा आशय आहे. इंग्रज गणितज्ञ विल्यम हेन्री यंग (१८६३–१९४२) यांनी १९०८–१० या काळात या व्याख्येवर अनेक चलांच्या कलनशास्त्राची पद्धतशीर उभारणी केली. फ्रेंच गणितज्ञ मॉरीस फ्रेशे (१८७८–१९७३) हे १९११ मध्ये स्वतंत्रपणे त्याच व्याख्येपाशी पोहोचले आणि पूर्वसूरींचे कार्य लक्षात येताच त्यांनी श्टोल्ट्स व यंग यांचे श्रेय मान्य केले. आंशिक अवकलज परिसरात अखंड असतील, तर ही अट आपोआप पुरी होते. भौतिकीतील बहुतेक फलने अशी असल्यामुळेच आधीच्या दीडशे वर्षांतील गणिते चुकली नव्हती.

अनंतमितीय अवकाश : ज्यांचा चल हा संख्या नसून संपूर्ण वक्ररेषा किंवा फलन असते, अशा राशींचे कलनशास्त्र व्हीतो व्होल्तेर्रा (१८६०–१९४०) यांनी १८८७ पासून विकसित केले. उदा., तारेच्या आकारावर अवलंबून असणारी ऊर्जा. येथे अक्षांची संख्याच अनंत असल्यामुळे आंशिक अवकलजांची यादी करणे निरुपयोगी ठरते, पण दिलेल्या दिशेने किंचित सरकून बदलाची त्वरा काढणे मात्र शक्य असते. तरुण फ्रेंच गणितज्ञ रने गातो (१८८९–१९१४) यांनी दिक्-अवकलजाची ही कल्पना मूलभूत म्हणून स्वीकारली. १९१३–१४ मध्ये ते रोम येथे व्होल्तेर्रा यांच्या सान्निध्यात काम करीत होते. पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांना सैन्यात जावे लागले आणि ३ ऑक्टोबर १९१४ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते आघाडीवर मारले गेले. त्यांच्या अपुऱ्या हस्तलिखितांचे महत्त्व झाक आदामार (१८६५–१९६३) यांनी जाणले व त्यांच्या सूचनेवरून पॉल लेव्ही (१८८६–१९७१) यांनी ती संपादित केली. १९१९ व १९२२ मध्ये फ्रेंच गणितीय संस्थेच्या पत्रिकेतून ती प्रसिद्ध झाली. अनंतमितीय अवकाशातील दिक्-अवकलजास आज गातो यांचे व परिसरावर आधारलेल्या सबळ अवकलजास फ्रेशे यांचे नाव दिले जाते. पेआनो यांच्या उदाहरणातून पुढे आलेला भेद अशा रीतीने दोन नावांच्या रूपाने कायम झाला आहे.

भूमितीतील स्थान : विसाव्या शतकात दिक्-अवकलजाचा भूमितीतील दर्जाही बदलला. वक्र अवकाशात, उदा., गोलाच्या पृष्ठावर, एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत काढलेला सरळ बाण त्या पृष्ठावर राहत नाही. मग ‘दिशा’ म्हणजे काय, असा प्रश्न पडतो. क्लोद शव्हाले (१९०९–८४) यांच्या १९४६ मधील ली गटांवरील ग्रंथात व त्यानंतरच्या अवकल भूमितीत दिशेची व्याख्याच अवकलनाच्या आधारे केलेली आढळते. प्रत्येक गुळगुळीत फलनाला एक संख्या जोडणारी व गुणाकाराच्या अवकलनाचा नियम पाळणारी रेषीय क्रिया म्हणजेच त्या बिंदूपाशील स्पर्श-सदिश होय. पूर्वी दिशा आधी व अवकलज नंतर येत असे; येथे अवकलज आधी येतो व दिशा त्यावरून ठरते.

आधुनिक उपयोग : हवामानाच्या नकाशावरील समदाब रेषांवरून वाऱ्याचा जोर अजमावणे, प्रतिमेतील उजेडाच्या प्रवणतेवरून वस्तूंच्या कडा शोधणे, भूपृष्ठाच्या आकडेरूप नकाशावरून पाणलोट क्षेत्रे आखणे, अशी अनेक कामे दिक्-अवकलजावर आधारलेली आहेत. सर्वांत मोठा विस्तार मात्र कोशी यांच्या पद्धतीचा झाला. संगणकीय तंत्रिका जालांना (न्यूरल नेटवर्क) शिकविण्याची जी पद्धती डेव्हिड रूमेलहार्ट, जेफ्री हिंटन व रॉनल्ड विल्यम्स यांच्या १९८६ मधील लेखामुळे विशेष प्रसृत झाली, तिच्यात चुकीचे मापन करणारे फलन प्रवणतेच्या विरुद्ध दिशेने पायरीपायरीने कमी केले जाते. आजच्या जालांत चलांची संख्या अब्जावधींच्या घरात असते. प्रत्येक अक्षावर एकेक अवकलज निराळा काढावयाचा झाल्यास हे काम अशक्यप्राय होईल. पण साखळी नियम उलट क्रमाने वापरल्यास संपूर्ण प्रवणता फलनाचे मूल्य काढण्याच्या श्रमाच्या थोड्याशा पटीत मिळते.

या फलनांपैकी अनेकांना ठिकठिकाणी कोपरे असतात व तेथे प्रवणता अस्तित्वात नसते. अशा जागी एकाच बाजूने घेतलेला दिक्-अवकलज उपयोगी पडतो. बहिर्वक्र फलनांच्या बाबतीत तो प्रदेशाच्या अंतर्भागात प्रत्येक बिंदूपाशी व प्रत्येक दिशेत अस्तित्वात असतोच आणि आर. टी. रॉकाफेलर यांच्या १९७० मधील ग्रंथापासून इष्टतमीकरणाच्या सिद्धांतात त्याला पायाभूत स्थान मिळालेले आहे. जेथे स्पर्शप्रतल नाही तेथेही दिशा विचारून उतार सांगता येतो, हे दिक्-अवकलजाचे सामर्थ्य. आणि सर्व दिशांचे उतार सांगूनही जमीन अखंड आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही, ही त्याची मर्यादा होय. गणिताच्या उपयोजनात या दोहोंचे भान सारखेच आवश्यक ठरते.